दोन टबांचे साधे वॉशिंग मशीन : नाशिकच्या घरात दीर्घकाळ टिकेल असे कसे निवडावे?

सिडकोची रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे २००७ साली घेतलेले दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन होते आणि ते गेल्या आठवड्यापर्यंत जवळजवळ रोज चालले. मोटार आजही फिरते, टायमरही चालतो. पण खालचा पत्रा गंजून इतका विरला होता की झाडण्यासाठी मशीन पुढे ओढले तेव्हा त्याचा मागचा एक पाय फरशीवरच राहिला आणि सगळे मशीन मोरीच्या बाजूला कलंडले. दुरुस्तीला आलेल्या काकांनी खाली वाकून टॉर्चने पाहिले आणि आता पत्रा मारून उपयोग नाही, कारण स्क्रू धरायलाच जागा उरलेली नाही, असे सांगितले.

पाडव्याला नवे मशीन घरात यावे अशी सासूबाईंची इच्छा आहे. शालिमार, मेन रोड आणि कॉलेज रोड अशा तीन ठिकाणच्या दुकानांत जाऊन आलो. तिन्हीकडे विक्रेत्यांनी दोन टबांची मशीन्स मागच्या भिंतीला लावून ठेवली होती आणि आम्ही ती दाखवायला सांगितली की संभाषण पूर्ण ऑटोमॅटिक मशीनकडे वळत होते. आम्हाला मात्र पुन्हा साधेच मशीन हवे आहे : बटण फिरवले की चालणारे, बिघडले तर शेजारच्या गल्लीतल्या माणसाला उघडता येणारे आणि किमान दहा-बारा वर्षे साथ देणारे.

आमची परिस्थिती अशी आहे. घरात पाच माणसे आहेत. आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे नळाला जोर फारसा नसतो. एरवी महापालिकेचे पाणी असते; उन्हाळ्यात ते अपुरे पडले की सोसायटी बोअरवेलचे पाणी मिसळते, आणि त्या दिवसांत बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात, त्यामुळे त्यांच्या कपड्यांना तेल आणि लोखंडाचा कीस असतो. सासूबाईंच्या सुती नऊवारी साड्या आणि मुलांचे गणवेश हे बाकीचे धुणे. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे.

असे मशीन घेताना नेमके काय पाहावे, किती किलोचे घ्यावे आणि आमच्या पाण्यात ते टिकावे यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर मोठी मदत होईल.

जेल रोडची निवृत्त शिक्षिका

ताई, तुमचा विचार मला योग्य वाटतो. आमच्या घरातले हे दुसरे दोन टबांचे मशीन आहे आणि नोकरी सांभाळून सहा माणसांचे धुणे मी त्याच्याच भरवशावर केले.

या मशीनचा सर्वांत मोठा गुण मला पाण्याच्या बाबतीत जाणवतो, आणि तो विक्रेते सांगत नाहीत. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन एकदा वापरलेले साबणाचे पाणी सोडून देते. येथे ते कधी सोडायचे हे आपल्या हातात असते. मी आधी पांढरे कपडे धुते, त्याच पाण्यात नंतर फिक्या रंगांचे, मग गडद रंगांचे आणि सर्वांत शेवटी पायपुसणी. एका टबाच्या पाण्यात चार घाणी, म्हणजे धुण्याच्या चार खेपा, निघतात. कपडे दुसऱ्या पाण्यातून काढले की ते पाणी जवळजवळ स्वच्छच असते. ते पिंपात साठवते आणि त्यानेच अंगण व मोरी धुते. ज्या उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी आले, त्या उन्हाळ्यातही आमचे धुणे कधी अडले नाही. नळ नसेल तर बादलीने टब भरता येतो, ही गोष्ट साधी वाटते, पण पाणी नऊ वाजता जाणार असेल तेव्हा तिचे मोल कळते.

नऊवारीविषयी एक सूचना करते. साडी धुण्याच्या टबात मोकळी सोडू नका, कारण टबाच्या तळाचा पंखा दोन्ही दिशांना फिरतो आणि लांब कापडाचा दोर वळला जातो; मग तो सोडवताना सुती काठ ताणले जातात. मी साडीची चौपदरी घडी करून ती जाळीच्या पिशवीत घालते आणि चार-पाच मिनिटेच धुते. पिळण्याच्या टबात ती घडीनेच भिंतीलगत गोल बसवायची आणि वरून प्लास्टिकची जाळीदार चकती दाबून ठेवायची. ही चकती अनेक घरांत पहिल्याच महिन्यात हरवते आणि त्यानंतर टब धडधडतो म्हणून लोक मशीनला दोष देतात.

पावसाळ्याचे चार महिने आठवून पिळण्याच्या टबाला महत्त्व द्या. आपल्याकडे श्रावणात कपडे दोन-दोन दिवस दांडीवर ओले राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. पूर्ण पाच मिनिटे पिळलेला शर्ट मात्र पंख्याखाली रात्रभरात वाळतो, त्यामुळे सकाळी शाळेच्या घाईत ओला गणवेश इस्त्रीने सुकवण्याची वेळ येत नाही.

सातपूरचा मेकॅनिक

मी एकवीस वर्षे सातपूर परिसरात घरगुती यंत्रांची दुरुस्ती करतो. कोणत्या कंपनीचे घ्यावे ते मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीची दोन मॉडेल्स उघडली तरी आतला माल वेगवेगळा निघतो. त्याऐवजी अशी मशीन्स कुठे आणि कशी संपतात ते सांगतो, म्हणजे दुकानात काय पाहायचे ते तुम्हाला आपोआप समजेल.

तुमचे मशीन जसे गेले तशीच निम्मी मशीन्स जातात : मोटार शाबूत आणि तळ गेलेला. म्हणून दुकानदाराला मशीन मागे झुकवून धरायला सांगा आणि तळ स्वतः पाहा. तळाची चौकट पूर्ण प्लास्टिकची असेल तर उत्तम. मोटार ज्या पट्टीवर बसवलेली असते ती लोखंडीच असणार. तिचा रंग कडेपर्यंत नीट लागला आहे का, हे बोट फिरवून पाहा. तळाला उंदीर अडवणारी जाळी आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या मशीन्सपैकी कितीतरींमध्ये बिघाड काहीच नसतो. उंदराने एक वायर कुरतडलेली असते किंवा बेल्टचा तुकडा पाडलेला असतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. पिळण्याच्या टबाखाली एक स्वतंत्र मोटार असते आणि तिचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तळातल्या भोकातून वर येऊन टबाला जोडलेला असतो. त्या भोकात एक रबरी वॉटर सील असते, जे टबातले पाणी मोटारीवर पडू देत नाही. हे सील कडक झाले किंवा फाटले की पाणी शाफ्टवरून थेंबाथेंबाने खाली उतरते. पहिली खूण आवाजाची असते : टब वेग घेताना शिट्टीसारखा बारीक सूर येतो. दुसरी खूण म्हणजे मशीनखाली फरशीवर पडलेले तांबूस डाग. याच टप्प्यावर मला बोलावले तर सील बदलून काम काही शे रुपयांत होते. बहुतेक लोक मात्र आवाज वाढेपर्यंत थांबतात; तोवर बुशमध्ये (शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्यात) गंज धरलेला असतो, शाफ्ट जड फिरू लागतो, मोटार तापते आणि शेवटी वाइंडिंग, म्हणजे मोटारीतले तारेचे वेटोळे, जळते.

ताई, तुमच्या यजमानांच्या कपड्यांविषयी म्हणूनच काळजी वाटते. लेथवरचा कीस पाण्यात तळाशी बसतो, धुण्याच्या पंख्याखाली अडकतो आणि तिथले सील कापतो. माझ्याकडे अंबड-सातपूरच्या घरांतून येणाऱ्या मशीन्समध्ये पंखा काढला की खाली चमकणारी बारीक वर्तुळे सापडतात. ते कपडे आधी कोरडेच गच्चीवर झटकावेत, खिसे आणि बाह्यांच्या घड्या उलटून पाहाव्यात, मग वेगळ्या बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवून एकदा खळबळून काढावेत आणि त्यानंतरच मशीनमध्ये टाकावेत. दर दोन-तीन महिन्यांनी पंख्याच्या मधला स्क्रू काढून पंखा उचलायचा आणि खालची जागा धुऊन काढायची. प्लग काढून ठेवला तर हे काम घरच्या घरी दहा मिनिटांत होते.

मोटारीविषयी एकच प्रश्न विचारा : वाइंडिंग तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे? तांब्याची तार त्याच आकारात कमी तापते आणि पुढे कधी जळालीच तर तिचे रिवाइंडिंग करणारे कारागीर शहरात सहज मिळतात. वॉरंटीच्या कागदावर मोटारीपुढे मोठा आकडा असतो, परंतु सील, बेल्ट, टायमर आणि कामाची मजुरी त्यात बहुधा धरलेली नसते. म्हणून तो आकडा पाहून निर्णय घेऊ नये.

साध्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसतो. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन वाईट असते असे मी म्हणत नाही. पण ओलसर बाल्कनीत, व्होल्टेज वरखाली होत असताना त्याचा बोर्ड गेला, तर तो दुरुस्त होण्यापेक्षा बदललाच जातो आणि त्या एका भागाची किंमत ऐकून लोक मशीनच टाकून देतात. दोन टबांच्या मशीनमध्ये बिघडण्यासारखे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत : दोन टायमर, दोन मोटारी, त्यांचे कपॅसिटर, बेल्ट, गिअरबॉक्स, दोन सील आणि ब्रेकची तार. टायमर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावा. वेळ कमी करण्यासाठी उलटा पिळल्यामुळे तुटलेले टायमर मी दर आठवड्याला बदलतो.

ब्रेकची परीक्षा दुकानातच करता येते. पिळण्याचा टब रिकामाच चालू करायला सांगा आणि पूर्ण वेगात असताना झाकण उचला. काही सेकंदांत टब थांबला पाहिजे. झाकण उघडूनही तो रेंगाळत फिरत राहिला तर ते मशीन घेऊ नका, आणि जुन्या मशीनमध्ये असे होऊ लागले तर ब्रेकची तार त्याच दिवशी ओढून घ्या. मी एका घरी पिळण्याच्या टबात हात घातलेल्या मुलाचे दुखावलेले मनगट पाहिले आहे. टब पूर्ण थांबल्याशिवाय हात आत जाऊ नये, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगा.

अर्थिंगही तपासून घ्या. ओल्या फरशीवर उभे राहून मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ‘थोडा करंट लागतोच’ असे म्हणून सोडून देऊ नये. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवेच; घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवला तर अधिक चांगले.

किती किलोचे घ्यावे, याबद्दल : पाच माणसांना ७ ते ७.५ किलोचे पुरेसे होते. हा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. शिवाय पिळण्याचा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असतो, म्हणून एका वेळचे धुणे दोनदा पिळावे लागेल असे धरून चाला. टब काठोकाठ भरला की बेल्ट घसरतो आणि गिअरबॉक्सवर भार येतो. वर एक वीतभर जागा मोकळी ठेवावी.

गंगापूर रोडचा वाचक

येथे एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या आईनेही पंधरा वर्षे असेच मशीन वापरले, परंतु साठी उलटल्यावर तिच्या कंबरेने नकार दिला. सुती कपडे न पिळता बाहेर काढले तर ते स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी सहज धरून ठेवतात. म्हणजे चार किलो कपड्यांचे बारा किलो ओझे वाकून एका टबातून दुसऱ्यात टाकायचे, तेही प्रत्येक घाणीला दोन-तीन वेळा. आम्ही तिच्यासाठी वरून उघडणारे पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घेतले आणि त्याचा आम्हाला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. तुमच्या घरी धुणे नेमके कोण धुते, हे प्रश्नात आलेले नाही. सासूबाई धुणार असतील तर टिकाऊपणाआधी त्यांच्या पाठीचा विचार करावा, अशी मनापासून विनंती आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची, आणि ती कदाचित तुमच्या बाजूने जाईल. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. तुमची टाकी नळाच्या दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब ०.२ ते ०.३ बार भरतो, आणि बऱ्याच पूर्ण ऑटोमॅटिक मशीन्सच्या माहितीपत्रकात याहून अधिक दाब मागितलेला असतो. दाब कमी पडला तर मशीन पाणी भरण्यातच वेळ घालवते किंवा मध्येच थांबून सूचना देते. मग दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा लागतो. निर्णय घेण्यापूर्वी बादली आणि घड्याळ घेऊन नळाचे पाणी मोजून पाहा.

विजेची चिंता मात्र दोन्हींत करू नये. धुण्याची मोटार साधारण ३६० वॅटची धरली तर पंधरा मिनिटांना ०.०९ युनिट लागते. पाणी तापवणारे हीटर असलेले मशीन गरम पाण्यावर चालवले तरच बिलात फरक दिसतो, कारण ते हीटर एकटेच २,००० वॅटच्या आसपास असते.

मखमलाबादची द्राक्षबागायतदार

आमच्याकडे दोन टबांचेच मशीन आहे, कारण बागेतले कपडे कोणत्याही नाजूक मशीनला झेपणारे नाहीत. फक्त एक नियम आम्ही कसोशीने पाळतो : फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत कधीही टाकत नाही. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. त्याचे निळसर डाग दुसऱ्या कपड्यांवर चढतात आणि चुन्याचे कण टबाच्या तळाशी बसतात. असे कपडे बाहेर दगडावर वेगळ्या पाण्यात धुतो. सातपूरच्या दादांनी किसाविषयी जे सांगितले तेच आमच्याकडे चुन्याला लागू पडते.

बोअरच्या पाण्याविषयी : आमचे पाणी तर बारा महिने बोअरचेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत दिलेली आहे. आमच्या पाण्याचा अहवाल या दुसऱ्या आकड्याच्या जवळ आला होता. अशा पाण्यात साबण आधी क्षारांशीच झुंजतो आणि फेस येत नाही. मग आपण पावडर वाढवत जातो, आणि ती पावडर व क्षार मिळून सीलवर पांढरा थर बसतो. मी टबात पाणी भरल्यावर आधी दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवते, पाच मिनिटे थांबते आणि मग नेहमीपेक्षा कमी पावडर टाकते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोडा लावू नये. दोन महिन्यांतून एकदा कपडे न घालता दोन्ही टबांत कोमट पाणी आणि सायट्रिक ॲसिड घालून ठेवते. तासाभरात थर सुटतो. सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकाच वेळी घालू नका, दोन्हींचा गुण एकमेकांत जिरून जातो.

सिडकोची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितले तसे एक-एक करून पाहिले आणि त्यातून निर्णय झाला, तो कळवते.

गंगापूर रोडच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे सकाळी पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवली. ती भरायला चार मिनिटे लागली. म्हणजे पन्नास लिटर पाण्याला तेरा मिनिटांहून अधिक, आणि एक धुणे व दोन पाणी धरले तर केवळ भरण्यातच चाळीस मिनिटे. पंपाचा खर्च आणि आणखी एक बिघडणारी वस्तू वाढवण्याची आमची तयारी नाही, त्यामुळे पूर्ण ऑटोमॅटिकचा विचार सोडला.

पाठीचा प्रश्न मात्र खरा होता आणि तो मी माझ्या प्रश्नात मांडलाच नव्हता, याची खंत वाटली. धुणे आजवर मी आणि सासूबाई मिळून धुत होतो आणि मी कामावर गेले की कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकण्याचे काम त्यांच्यावरच येत होते. त्यांना विचारले तेव्हा कळले की गेल्या वर्षापासून त्या प्रत्येक कपडा वेगळा उचलत होत्या आणि त्यामुळेच त्यांना दुपार व्हायची. आता असे ठरले आहे की धुणे सकाळी पाणी असतानाच लावायचे आणि ओले कपडे उचलण्याचे काम मी, यजमान किंवा थोरला मुलगा यांच्यापैकीच कोणी करायचे. त्यासाठी मोरीलगत विटांवर कडप्पा टाकून सहा इंच उंचीचा ओटा बांधून घेत आहोत. ओट्यामुळे वाकणे कमी होईल, तळाशी पाणी साचणार नाही आणि पाणी सोडण्याचा पाइप मोरीकडे उताराने जाईल. जुन्या मशीनचा पाइप सपाट पडलेला असायचा आणि थोडे पाणी नेहमी आतच राहायचे. पत्रा गंजण्याचे मूळ बहुधा तेच असावे.

मेन रोडच्या दुकानात मशीन झुकवून दाखवायला सांगितल्यावर विक्रेत्याला थोडे नवल वाटले, पण त्याने दाखवले. पहिल्या मशीनचा तळ चांगला होता, परंतु झाकण उचलल्यावर टब बराच वेळ फिरत राहिला. दुसरे ७.५ किलोचे, प्लास्टिकच्या तळाचे आणि तांब्याच्या वाइंडिंगचे आहे. त्याचा टब लगेच थांबला. ते मर्यादेत बसले आणि पाडव्याला घरी येणार आहे. दादा, नव्या मशीनसाठी सुरुवातीला आणखी काही काळजी घ्यावी लागेल का?

सातपूरचा मेकॅनिक

ओटा मशीनपेक्षा चारही बाजूंनी किमान दोन इंच रुंद ठेवा आणि कडप्पा गवंड्याकडून लेव्हल लावून बसवून घ्या. मशीनला चाके असतील तर ती ओट्यावर वापरू नका, पायांवरच उभे करा. पिळताना मशीन हलते आणि उंचावरून घसरण्याची भीती असते. वाहतुकीसाठी पिळण्याच्या टबाभोवती किंवा तळाशी काही पॅकिंग लावलेले असले तर ते माहितीपत्रकात पाहून काढून टाका. साधारण महिन्याभराने मागचे झाकण उघडून बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. नवा बेल्ट थोडा सैल पडतो. तो बोटभराहून जास्त दबत असेल तर मोटारीचे बोल्ट ढिले करून मोटार किंचित मागे सरकवायची आणि पुन्हा घट्ट करायची. लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही.